उटेलाइदला होडी लागते

मेंढ्या पलीकडे न्यायच्या दिवशीच पूर्वेचा वारा सुटावा, हा निव्वळ योगायोग आहे असं साल्मेला कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. वाऱ्याचं तिच्याशी वाकडं असायचं काही कारण नव्हतं. पण काल्योचं होतं, आणि आपला हा धाकटा भाऊ मनात आणलं तर वाराही फितवेल, याबद्दल सत्तरी उलटल्यावर तरी तिला शंका उरली नव्हती.

ती पायरीवर उभी राहून खाडीकडे पाहत होती. पश्चिमेचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत आणतो आणि पूर्वेचा ओढून नेतो, हे लेपासार बेटावरच्या पोरांना बोलायच्या आधी कळतं. आज पाणी इतकं मागे गेलं होतं की साल्मेचं आवार आणि समोरचं उटेलाइदचं चिमुकलं बेट यांच्यामधली खाडी म्हणजे चिखल आणि डबकी एवढंच उरलं होतं. मधोमध एक बगळा उभा होता आणि त्याचे गुडघेसुद्धा कोरडे होते.

"मेल्या, जरा खाली तरी बस," साल्मे बगळ्याला म्हणाली.

"आजी, कुणाशी बोलतेस?" आतून केर्तू ओरडली.

"कुणाशी नाही. चादरी आण बाहेर. दोरीवर घालायच्यात."

"आज? पाहुणे यायचेत ना?"

"म्हणूनच. त्या खिडकीसमोरच्या दोरीवर घाल, दिसतील अशा."

केर्तूनं दारातून डोकं बाहेर काढून आजीकडे पाहिलं, मग खाडीकडे पाहिलं, आणि काही न विचारता ओल्या चादरींची टोपली उचलली. चादरी दोरीवर पडल्या आणि समुद्राच्या दिशेनं फडफडायला लागल्या. पूर्वेचा वारा, अगदी पक्का. पण रेडिओवर सकाळी सांगितलं होतं की दुपारनंतर वारा फिरेल. साल्मेला फक्त दुपार गाठायची होती, आणि दुपारीही जरा रेंगाळायचं होतं.

भानगड अशी होती. बाबा, म्हणजे विलेम, गेले तेव्हा घर साल्मेला दिलं आणि शेतं काल्योला. उटेलाइद कागदावर दोघांच्या नावानं ठेवलं. एक कुरण, चार भूर्जवृक्ष, एक पडका गोठा, एवढंच काय ते बेट. पण जाण्याआधी दोघांना पलंगाशी बसवून त्यांनी एक शब्द घेतला होता: जोवर तिकडे जायला होडी लागते, तोवर उटेलाइद साल्मेचं. ज्या मेंढ्या न्यायच्या दिवशी माणूस कोरड्या पायांनी तिथं चालत जाईल, त्या दिवशी साल्मेनं आपला हिस्सा काल्योला लिहून द्यायचा. दोघांनी मान हलवली होती. तेव्हा खाडीत उभा माणूस बुडेल एवढं पाणी होतं, त्यामुळे साल्मेनं जरा जास्तच जोरात हलवली होती.

पण या भागातली जमीन कुणाचं ऐकत नाही. ती वर येते. हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, पण येतेच. बाबांनी इथं आल्यावर जिथं पहिल्यांदा होडी बांधली ती लोखंडी कडी आता काटेरी झुडपांच्या रानात आहे, आणि तिला बांधलेली बकरी पाण्याकडे बघतसुद्धा नाही. खाडी कमरेची झाली, मांडीची झाली, गुडघ्याची झाली. तरीही दर वर्षी सगळं खानदान मिळून मेंढ्या होडीत घालायचं आणि ती होडी गुडघाभर पाण्यातून माणसांनी ढकलत न्यायची. फेरीबोटीवरचे पाहुणे हे दृश्य बघून फोटो काढत. मेंढ्यांचे चेहरे त्या फोटोंत फार गंभीर येत.

आणि हो, दर वसंतात साल्मे खाडीत शेवाळ काढायला जायची. बटाट्यांना समुद्राचं शेवाळ घालतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण साल्मेच्या फावड्याला शेवाळाबरोबर तळाचा चिखलही लागायचा, जरा जास्तच लागायचा, आणि नेहमी एकाच ठिकाणी. तिचे बटाटे बेटावर नावाजलेले होते ते उगाच नाही.

यंदा मात्र गोष्ट भांडणापुरती राहिली नव्हती. काल्योचा मुलगा राउनो राजधानीत, टॅलिनला राहत होता, आणि त्याला उटेलाइदसाठी गिऱ्हाईक मिळालं होतं. उन्हाळी बंगले बांधणारं. केर्तूच्या मेंढ्या उन्हाळाभर चरायच्या त्या उटेलाइदवरच. दुसरं कुरण नव्हतं. कुरण गेलं की मेंढ्या विकायच्या, आणि मेंढ्या विकल्या की केर्तूनं मोठ्या भूमीवर, समुद्रापलीकडे जाऊन कुठल्या तरी दुकानात उभं राहायचं. हे केर्तू स्वतःच्या तोंडानं बोलली होती, भांडी विसळताना, अगदी सहज. साल्मेला त्या रात्री झोप आली नाही. केर्तूची आईसुद्धा फिनलंडला 'जरा वर्षभर' म्हणून गेली होती, ती तिकडचीच झाली. पुन्हा एकदा धक्क्यावर उभं राहून हात हलवायचा आणि रिकाम्या घरात परत यायचं, हे साल्मेला आता झेपणार नव्हतं. आणि दिलेला शब्द मोडणंही तिला येत नव्हतं. म्हणजे शब्द पाळायचा, पण खाडी ओली ठेवायची.

पाहुणे आले ते आवाजासकट आले. पुढे काल्यो, नव्या चामडी बुटांत, खाडीकडे बघून हसू दाबत. मागे त्याची बायको हिल्या, हातात केक. ती लग्न होऊन या बेटावर आली त्याला जन्म लोटला, पण अजून तिला सगळे 'मोठ्या भूमीवरची' म्हणत आणि ती अजून रागवायची. मग राउनो, फोन कानाला. आणि सगळ्यात मागे पालिकाप्रमुख तार्मो, साक्षीदार म्हणून. लेपासारची पालिका एवढीशी की तार्मोलाच रस्ते, शाळा, फेरीबोटीची तक्रार आणि कुणाचा बैल कुणाच्या बागेत गेला, हे सगळं बघावं लागे.

"साल्मे, आज पाणी कुठं गेलं गं?" काल्यो दारातच म्हणाला. "तू प्यायलीस का सगळं?"

"तुझ्या बुटांना घाबरून गेलं," साल्मे म्हणाली. "लग्नाला निघालास की काय?"

"कोरड्या रस्त्यानं जायचंय, म्हटलं चांगले बूट घालावेत."

"बरं बरं. आधी आत ये. उपाशीपोटी कुणी कुठं जायचं नाही."

"आत्या, माझं ऐक," राउनो फोन खिशात घालत म्हणाला. "आपण आधी जाऊन येऊ ना? दहा मिनिटांचं काम. मग निवांत जेवू. मला संध्याकाळची बोट गाठायचीय."

साल्मेनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं चर्चमध्ये शिट्टी मारली.

"जेवणाआधी मेंढ्या? तुझ्या आजीच्या वेळेपासून कुणी असं केलं नाही. काल्यो, तुझ्या पोराला घरची रीत शिकवली नाहीस का?"

काल्यो आत आला, कारण रीत होती. मेंढ्या न्यायच्या दिवशी पुरुषमाणसं अर्धवट जेवून होड्यांकडे पळायची आणि आईचा सगळा स्वयंपाक टेबलावर गार व्हायचा. म्हणून आईनं दटावून ठेवलं होतं: घरच्या बाईनं कॉफीचा शेवटचा घोट घेऊन कप बशीवर पालथा घातल्याशिवाय टेबलावरून कुणी उठायचं नाही. आई गेली, रीत राहिली. आणि आता घरची बाई होती साल्मे.

ती खिडकीकडे तोंड करून बसली. काल्योला तिनं समोर बसवलं, खिडकीकडे पाठ करून.

"पाहुण्यांच्या दिवशी चादरी वाळत घातल्यात?" हिल्यानं बसता बसता नाक मुरडलं. "आमच्याकडे मोठ्या भूमीवर असं करत नाहीत हो."

"तुमच्याकडे वारा कुठाय चादरी वाळायला," साल्मे म्हणाली. "घे, हेरिंग घे."

मग आलं ते सगळं आलं. खारवलेला हेरिंग मासा, धुरावलेले चपटे मासे, राय धान्याचा काळा पाव, लोणी, उकडलेले बटाटे, माशाचं सूप, घरची बियर. केर्तू एक भांडं उचलायची आणि दुसरं ठेवायची. राउनो भराभर खात होता, जणू लवकर संपवलं तर दुपार लवकर सरेल. चादरी अजून समुद्राकडेच उडत होत्या.

कॉफी आली. साल्मेनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. सरळ.

"आत्या?" राउनो म्हणाला.

"गरम आहे बाबा."

टेबलावर शांतता पसरायला लागली, आणि शांतता फार वाईट. शांततेत माणसं उठतात. साल्मेनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर तार्मोवर पडली. तार्मोनं पालिकेच्या वेबसाइटसाठी लेपासारचा भूगोल आणि इतिहास लिहायचं काम काल्योकडे सोपवलं होतं. दोन वर्षं झाली, काल्यो अजून हिमयुगातच होता. काल्योला बेटाबद्दल सगळं माहीत होतं आणि दुसऱ्या कुणाला काही माहीत असलेलं त्याला खपत नसे. आणि कुणी चुकीचं सांगितलं की, बापरे.

"तार्मो," साल्मे अगदी भोळेपणानं म्हणाली, "वेबसाइटवर ते घालायला विसरू नकोस हं, की आपला दीपस्तंभ इंग्लंडहून आला."

काल्योच्या हातातला चमचा थांबला.

"फ्रान्सहून," तो म्हणाला.

"इंग्लंडहून. बाबा सांगायचे."

"बाबा असलं काही सांगायचे नाहीत! फ्रान्सहून आला. सुटे भाग, पेट्यांतून, जहाजानं. इथं आणून जुळवला. जुळवताना एक कडं उरलं, ते कुठं बसतं ते कुणालाच कळेना, शेवटी चर्चच्या घंटेखाली लावलं. अजून आहे. जाऊन बघ."

"ते कडं तर नांगराचं आहे म्हणतात."

"कोण म्हणतं? नाव सांग!"

"बाबा, ते राहू द्या," राउनो म्हणाला. "आपण आधी—"

"एक मिनिट," तार्मो खुर्चीत पुढे सरकला. "काल्यो, हे मला कधी सांगितलंच नाहीत! थांबा, मी रेकॉर्ड करतो." त्यानं फोन काढून काळ्या पावाला टेकवून उभा केला. बिचाऱ्याला कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हिमयुगाच्या पुढचं काहीतरी ऐकायला मिळालं होतं.

साल्मेनं राउनोच्या कपात आणखी कॉफी ओतली.

आता काल्यो सुटला. कोणे एके काळी बर्फाच्या ओझ्याखाली ही सगळी जमीन कशी दबली होती आणि बर्फ गेल्यावर ती अजून कशी वर येतेय, हे त्यानं दोन्ही हातांनी उचलून दाखवलं.

"तेव्हाचा बर्फ गेला, पण जमीन अजून आळस देतेय म्हणायची," साल्मे म्हणाली.

"आळस नाही, उसळी!" काल्यो म्हणाला.

शेजारचा पक्ष्यांचा खडक पूर्वी वेगळं बेट होता, धाकटी लेपासार थोरल्या लेपासारला कशी चिकटली, आणि जुन्या नकाशावरचं बंदर आता गवताळ मैदान का आहे, हे सगळं झालं. साल्मे मधूनमधून चुकीचं काहीतरी टाकायची, चुलीत लाकूड टाकावं तसं, आणि काल्यो पुन्हा भडकायचा.

"तुम्ही दोघं दर वर्षी हेच भांडता," हिल्या म्हणाली. आणि मग तिनंच हात घातला: "आणि ते मोठ्या भूमीवरचे अधिकारी आपली पालिका त्यांच्यात मिसळायला आले होते, ते सांगा ना. त्या वेळी मी माझ्या माहेरच्यांना काय सुनावलं होतं!"

"सांगतो, सांगतो," काल्यो म्हणाला.

"आई, तू पण?" राउनोनं डोक्याला हात लावला.

"अरे, मी इथली आहे," हिल्या फणकारली. "इथलं मला माहीत नको?"

साल्मेनं मनातल्या मनात हिल्याला आपल्या हातच्या केकचा एक तुकडा जास्त दिला, आणि मग खरोखरच दिला. हिल्यानं तो खाऊन म्हटलं, की त्यातले रुबार्बचे आंबट देठ थोडे जास्त शिजलेत. साल्मेनं ते गिळलं. आजचा दिवस मोठा होता.

बाहेर चादरी लोंबायला लागल्या होत्या. कुठल्याच दिशेला उडत नव्हत्या.

"बरं," राउनो उभा राहायला गेला आणि रीत आठवून पुन्हा बसला. "आत्या, कप घाल ना पालथा. कॉफी केव्हाच गार झाली असेल."

"मला गार आवडते हल्ली. वय झालं, तोंड भाजतं," साल्मे म्हणाली. "तार्मो, अन् ते स्वीडिश लोक. ते म्हणे इथं मासे मारायला आले आणि कंटाळून परत गेले."

हे बोलल्याबरोबर तिला वाटलं, अंमळ जास्तच झालं. काल्यो लालबुंद झाला.

"कंटाळून? शतकानुशतकं राहिलेली माणसं कंटाळून जातात का, साल्मे? हे घर कुणाचं होतं? त्यांचं! महायुद्धाच्या त्या शरदात, रशियन फौजा येतायत म्हणून, स्वीडनला गेली सगळी. होड्या भरून गेली. जाताना गाईंचं दूध काढून गेली, गाईंना त्रास होऊ नये म्हणून. दुधाच्या बादल्या दारात तशाच. बाबा शेजारच्या मोठ्या बेटावरून इथं राहायला आले तेव्हा चुलीत राख होती आणि भिंतीवर कुणाचा तरी कोट टांगलेला होता. सगळ्या गावात एक माणूस नाही. कुत्री घराघरांतून हिंडत होती म्हणे. बाबा कधीच काही बोलायचे नाहीत, पण हे एवढं सांगायचे, की रिकामं बेट त्यांनी एकदा पाहिलंय आणि पुन्हा बघायचं नाही."

केर्तू भांड्यांचा ढीग घेऊन दारात थांबली होती. काल्योची नजर तिच्याकडे गेली आणि तिथंच राहिली.

साल्मे हे वेळ काढायला बोलली होती, आणि आता तिलाच ऐकवेना.

"वाळूचं राहिलं ना?" केर्तूच म्हणाली. "काल्यो आजोबा, ती गोष्ट सांगा. तार्मोला माहीत नसेल."

"कुठली वाळू?" तार्मोनं विचारलं.

आणि काल्यो खुदकन हसला. "सीमेवरचे सैनिक होते ना इथं, सोव्हिएत काळात. किनाऱ्यावरची वाळू रोज दाताळ्यानं विंचरायचे. कोणी होडीनं देशाबाहेर पळालं की पाऊल दिसावं म्हणून. होड्यांना साखळ्या. आम्ही पोरं. तर हिनं काय केलं..."

"आपण," साल्मे म्हणाली.

"आम्ही पहाटे वाळूवरून उलटे चालत गेलो. पाठीमागे पावलं टाकत. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की समुद्रातून दोन माणसं वर आली!"

"आणि एकाच्या पायात बाबांचे बूट होते, मोठी पावलं उठावीत म्हणून," साल्मे म्हणाली.

"ती कल्पना माझी होती."

"माझी होती. तू रडत होतास, की सैनिक पकडतील."

"मी? मी रडत होतो? बेटभर हेर शोधत फिरले ते! झाडंसुद्धा हलवून बघितली!"

दोघं हसायला लागले. हिल्यासुद्धा हसली, तार्मो तर टेबलावर हात आपटत होता. साल्मेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसताना तिला खिडकीतून दिसलं की चादरी घराकडे उडतायत. जोरात. पश्चिमेचा वारा.

त्याच वेळी काल्योनं खुर्चीत मागे वळून खिडकीतून बाहेर पाहिलं.

काल्योनं चादरी पाहिल्या. तो बेटावर जन्मलेला माणूस, त्याला दोन चादरींवरून वारा वाचता येणार नाही, हे शक्यच नव्हतं. तो नीट वळून बसला, बहिणीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तार्मो, फोन बंद केला नाहीस ना? मग आता पालिकेचं राहिलंय. नीट सुरुवातीपासून सांगतो."

आणि त्यानं सुरुवातीपासून सांगितलं. साल्मेला काही समजेना. तिनं एकदाही चुकीचं काही टाकलं नाही, तरी तो बोलतच राहिला, आणि राउनोनं तोंड उघडलं की 'थांब रे' म्हणून पुढे जात राहिला. मोठ्या भूमीवरच्या साहेबांनी लेपासारला विचारलं, की एवढ्याशा बेटाला स्वतःची पालिका हवी कशाला. आणि बेटावरच्यांनी त्यांना पाहणीला बोलावलं, हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्राच्या बर्फावरच्या रस्त्यानं. बर्फ कडकडायला लागल्यावर साहेब गाडीतच कशावरही सही करायला तयार झाले, हे सगळं त्यानं त्यांच्या आवाजात करून दाखवलं. शेवटी साल्मेलाच लाज वाटली. तिनं कॉफीचा घोट घेतला, बर्फासारखी गार होती, आणि कप बशीवर पालथा घातला.

राउनो दारातून पहिला बाहेर पडला, आणि कुंपणाशी थांबला.

खाडी होती. खरीखुरी खाडी, लाटांसकट. बगळा गेला होता.

"हे काय?" राउनो म्हणाला. "सकाळी तर..."

"समुद्र आहे, बाळा," साल्मे म्हणाली. "त्याला बोटीचं वेळापत्रक पाठ नसतं."

केर्तूनं आजीचा दंड घट्ट धरला. साल्मेचा जीव भांड्यात पडायला लागला होता, तेवढ्यात राउनो हसला.

"पण दगड आहेत," तो म्हणाला.

होते. पाण्यातून काळी ओली डोकी वर काढून एक ओळ सरळ उटेलाइदपर्यंत गेली होती. काल्यो दर शरदात शेतातले दगड वेचून 'कुठंतरी' टाकायचा, हे साल्मेला माहीत होतं. इतके नीट, इतक्या एका रेषेत टाकलेत, हे तिच्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. चिखलात ते चिखलासारखेच दिसत.

"काल्यो!" ती म्हणाली. "हलकटा!"

"शेत साफ करावं लागतं, साल्मे," काल्यो म्हणाला. पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

"तार्मो, सांगा," राउनो म्हणाला. "माणूस कोरड्या पायांनी चालत गेला, तर झालं ना? शब्दात दगड चालत नाहीत असं कुठं म्हटलंय?"

तार्मोनं मान खाजवली. तो शांतताप्रिय माणूस होता. "म्हणजे... कोरडे पाय म्हणजे कोरडे पाय. शब्द असाच आहे, साल्मे काकू."

"जा, बाबा," राउनो म्हणाला. "तुमचेच दगड, तुम्हालाच माहीत कुठला हलतो ते."

काल्योनं नव्या बुटांकडे पाहिलं आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला. मग दुसऱ्यावर. पुढे. साल्मेला वाटलं की आपण ओरडावं, की दगड घालून माझ्या नातीला घालवतोयस, पण शब्द दिलेला होता आणि तिनंच दिला होता. केर्तूची बोटं तिच्या दंडात रुतत होती. साल्मेनं आपला हात त्यांवर ठेवला. मुलगी मुकाट्यानं मेंढ्यांकडे बघत होती. मनातल्या मनात एकेक करून विकत असावी. साल्मेला त्या क्षणी भावाचा खरोखर राग आला, नेहमीचा लुटुपुटूचा नव्हे.

काल्यो खाडीच्या मध्याला पोचला, मध्याच्याही पुढे गेला. दोन दगड राहिले. तो थांबला. वळून त्यानं किनाऱ्यावरच्या सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि मग अगदी शांतपणे, जिना उतरावा तसा, बाजूला पाण्यात उतरला.

छातीपर्यंत गेला.

"अगं आई गं!" तो किंचाळला. "साल्मे! हे केवढं खोदलंस!"

हिल्यानं किंकाळी फोडली. राउनो धावत काठापर्यंत गेला. "बाबा! पाय घसरला का? दगड हलला?"

"नाही, दगड चांगला पक्का आहे," काल्यो दात वाजवत म्हणाला. "मीच बसवलाय. तार्मो, बघितलंस? पाय ओले. सगळंच ओलं. उटेलाइदला होडी लागते."

"बघितलं," तार्मो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला, जणू त्याच्या पालिकेतला एक प्रश्न कुणीतरी परस्पर सोडवला होता.

"तुम्ही मुद्दाम उतरलात," राउनो म्हणाला. "बाबा, गिऱ्हाईक तयार होतं. तुम्ही स्वतः म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. माणूस बोलतो." काल्यो पाण्यातून येत होता, बुटांतून पचपच आवाज करत, आणि राउनोसमोर येऊन उभा राहिला. थंडीनं त्याचे ओठ निळे पडले होते. "राउनो, तू संध्याकाळच्या बोटीनं जाशील. ही पोरगी गेली, मेंढ्या गेल्या, तर ही म्हातारी या घरात एकटी बसेल. आणि मी? बंगलेवाल्यांशी भांडू? त्यांना माझी भाषा तरी कळेल का? मला भांडायला ही लागते. तुझ्या आईशी भांडून होत नाही, ती लगेच रडते."

"मी कधी रडते?" हिल्या म्हणाली, डोळे पुसत.

साल्मेनं आयुष्यात भावाला उत्तर दिलं नाही असा प्रसंग नव्हता. आज तिनं दोरीवरची एक चादर ओढली, भावाच्या खांद्यांभोवती गुंडाळली आणि त्याचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिली.

केर्तूनं होडी पाण्याकडे ओढली. "चला, मेंढ्या घ्या," ती म्हणाली. "काल्यो आजोबा, तुम्ही आत जाऊन कपडे बदला."

"भिजलोच आहे तर ढकलतो," काल्यो म्हणाला. "राउनो, बूट काढ. दुसऱ्या बाजूनं धर. बोट पुढच्या आठवड्यातही असते."

राउनोनं घड्याळाकडे पाहिलं. मग त्यानं शिव्या देत बूट काढले.